पंचनाम्यात नसलेलं पाणी

त्या तान्ह्या मुलीच्या रक्ताचा रंग मी अजून विसरलेलो नाही, आणि विसरेन असं वाटतही नाही. नोकरीत रक्त कमी पाहिलं नव्हतं. द्रुतगती मार्गावरचे अपघात, कोयत्याचे वार, खंडाळ्याच्या घाटात दरीतून वर काढलेले देह, सगळं पाहून झालं होतं. पण डॉक्टरीणबाईंनी माझ्यापुढे काचेची एक छोटी नळी धरली, तेव्हा मला वाटलं की त्या चुकून काहीतरी दुसरंच दाखवताहेत. नळीतलं रक्त लाल नव्हतं, घट्ट चॉकलेटी होतं.

तेव्हा मी मावळातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. गावाचं आणि माणसांचं नाव घेणार नाही. ज्यांना ओळख पटेल त्यांनीही ते आपल्यापाशीच ठेवावं, कारण त्या घरातली माणसं अजून तिथेच नांदताहेत. एवढं सांगतो की गाव इंदुरीच्या अंगाला आहे, नदीच्या दिशेने उतरत जाणारं, आणि त्या उतारावर भाताची खाचरं आहेत.

पावसाळ्यात आमचा निम्मा स्टाफ शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या बंदोबस्ताला जायचा. धबधब्यात नाचणाऱ्यांना आवरायचं, वलवणकडून येणाऱ्या गाड्यांची कोंडी सोडवायची. त्यामुळे सोमवारची सकाळ म्हणजे शिंकणारे शिपाई आणि दोरीवर वाळत घातलेले रेनकोट. अशाच एका सोमवारी तळेगावच्या एका खासगी दवाखान्यातून एमएलसी आली. एमएलसी म्हणजे पोलिसांना कळवणं भाग आहे असा रुग्ण. अडीच महिन्यांची मुलगी, अंग निळं पडलेलं, विषबाधेचा संशय.

"साहेब, फुप्फुसं साफ आहेत, हृदय ठीक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ऑक्सिजन पूर्ण दिला तरी निळेपणा जाईना, म्हणून रक्त काढलं. हा रंग बघा."

"म्हणजे नेमकं काय?"

"पोटात काहीतरी रसायन गेलंय. त्यामुळे रक्ताला प्राणवायू वाहूनच नेता येत नाही. कुठलं रसायन ते मला आत्ता सांगता येणार नाही. ते तुम्ही शोधा."

त्यांनी इंजेक्शन दिलं होतं. तासाभरात मुलीच्या ओठांवर रंग आला. ती रडली तेव्हा तिच्या बापाने भिंतीला डोकं टेकलं. त्याच अवस्थेत मी त्याचा जबाब घेतला.

"सायेब, मला कुनावर बोट दाखवायचं न्हाई," तो म्हणाला.

एवढ्या वर्षांच्या अनुभवाने सांगतो, हे वाक्य म्हणणारा माणूस पुढच्याच वाक्याला बोट दाखवतो. यानेही दाखवलं. बायको बाळंतपणानंतर तापाने अंथरुणाला खिळलेली, अंगावर दूध नाही. त्यामुळे बाळ डब्याच्या दुधावर. ते दूध कालवून बाटलीने पाजायचं काम थोरल्या भावजयीकडे. थोरलीच्या लग्नाला बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. थोरला भाऊ कंपनीत पाळीवर, तो घरात असून नसल्यासारखा. त्यातच वराळ्याकडून इमारती सरकत आल्यामुळे जमिनीचे भाव चढलेले आणि घरात वाटणीचं बोलणं निघालेलं. पोलिसाला संशय घ्यायला याहून जास्त काय लागतं?

गुन्हा अज्ञात इसमाविरुद्ध दाखल केला. मनात मात्र आरोपी अज्ञात नव्हता. थोरलीला घरच्यांनी त्याच दिवशी वराळ्याला भावाकडे पाठवून दिलं. संध्याकाळी ठाण्यातला फोन वाजला. कोणीतरी पुरुष, नाव सांगेना.

"थोरलीच्या खोलीत फळीवर बाटली हाय. बघा," एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. तो कोण, ते पुढेही कळलं नाही.

बघितलं. बाटली होती. भाताच्या खोडकिडीवर मारायचं औषध, निम्मं वापरलेलं. आता विचार केला की हसू येतं. मावळात भात करणाऱ्या कुठल्याही घराची फळी चाचपली तरी अशी बाटली हाताला लागेल. पण त्या दिवशी मला ती खजिन्यासारखी वाटली. पंचांसमक्ष पंचनामा केला. दुधाचा डबा, दूध पाजायची बाटली, तिचं बूच, कालवायचा चमचा, वाटी, बाळाचं दुपटं आणि ती औषधाची बाटली. सात वस्तू लाखेने सील करून प्रयोगशाळेला रवाना केल्या. पंचनाम्यात चूक काढायला जागा नव्हती, असं तेव्हा मला वाटत होतं.

बाळ पाचव्या दिवशी बरं होऊन घरी गेलं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी थोरलीला चौकशीसाठी ठाण्यात आणलं. वास्तविक बाईला ठाण्यात बोलवायचं नसतं. तिच्या राहत्या जागी जाऊन विचारायचं, असा नियम आहे. ती भावासोबत स्वतःहून हजर झाली, असं मी स्टेशन डायरीत लिहिलं. ते अर्धंच खरं होतं. 'बहिणीला घेऊन या,' असा निरोप मीच धाडला होता.

सकाळी दहापासून ती महिला शिपायाशेजारी बाकावर बसली होती. पस्तिशीची बाई, हातात हिरव्या बांगड्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला. मी सरळ विचारलं, मग आडवळणाने विचारलं, मग आवाज चढवला. ती तेच सांगत राहिली.

"दूध मी कालवते, व्हय. चमचा मोजून. पानी आत्या देत्यात उकळून. बाकी मला कायबी म्हाईत न्हाई."

आत्या म्हणजे तिची सासू. मी जबाबात लिहिलं, 'पाणी सासू देते', आणि पुढच्या प्रश्नाला गेलो. तो कागद आज समोर आला तर माझ्याच अक्षराची मला लाज वाटेल.

दुपार होत आली तरी ती हलेना, तेव्हा मी एक हुकमी पत्ता टाकला. म्हणालो, "स्वतःची कूस उजवली नाही, म्हणून दुसरीचं लेकरू डोळ्यात खुपलं ना?"

असे प्रश्न आम्ही विचारतो. माणूस चिडतो, रडतो आणि चिडण्या-रडण्याच्या भरात बोलून जातो, हा त्यामागचा हिशोब. ती चिडली नाही आणि रडलीही नाही. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदर आणखी घट्ट ओढून घेतला. महिला शिपाई खिडकीबाहेर बघायला लागली. मला वाटलं, आता बांध फुटणार, दहा मिनिटांत कबुली येणार.

दहा मिनिटांच्या आत फोन आला. डॉक्टरीणबाईंचा.

"साहेब, तीच मुलगी परत आलीये. परत निळी. आधीपेक्षा वाईट आहे."

मी समोर पाहिलं. जिच्यावर मी विषाचा ठपका ठेवत होतो ती बाई सकाळपासून माझ्या डोळ्यांपुढे बसलेली होती. त्याआधीचा सगळा आठवडा वराळ्याला भावाच्या घरी होती. बाळाच्या बाटलीला तिचा हात लागणं शक्यच नव्हतं. चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण लहानपणी शिकलो होतो. सुळी देणारा मीच असेन, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं. आणि खरं कारण काय ते अजून कळलेलंच नव्हतं. ते त्या घरात मोकळं होतं आणि बाळाला मीच तिथे परत जाऊ दिलं होतं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा बापाला उभंही राहता येत नव्हतं. बाळाला पुन्हा तेच इंजेक्शन दिलेलं होतं. त्याच दिवशी प्रयोगशाळेचा तोंडी निरोप मिळाला की दुधाच्या डब्यात, पाजायच्या बाटलीत कुठेही कीटकनाशक नाही. डॉक्टरीणबाई खुर्चीत टेकल्या. मग त्यांनी विचारलं, "साहेब, दूध कालवायला पाणी कुठलं वापरतात?"

मी उत्तर दिलं, "उकळलेलं." दुसरं मला काही माहीतच नव्हतं.

"उकळलेलं ते कळलं. आणतात कुठून?"

ती दुपार मी उभ्या आयुष्यात विसरणार नाही. हवालदाराला घेऊन त्या घरी गेलो. म्हातारी चुलीपुढे होती. नात दवाखान्यात, डोळे रडून सुजलेले, तरी चूल पेटलेली आणि चुलीवर पाण्याचं पातेलं. नात परत येईल तेव्हा पाणी तयार असावं, म्हणून.

"मावशी, बाळाचं पाणी तुम्ही उकळता?"

"मीच. दुसऱ्या कुनाला हात लावू देत न्हाई," म्हातारी म्हणाली. "सकाळधरनं ठेवते. भरलेलं पातेलं निम्मं झालं की उतरवते. बाळतिनीला आन् लेकराला आटीव पानीच द्यावं. माज्या सासूनं मला दिलं, मी माज्या दोन्ही पोरांना दिलं."

"आणि पाणी नळाचं?"

"नळाचं? त्याला दवाईचा वास येतो, सायेब. ते भांड्याला, गुरांना. लेकरासाठी मी हिरीचं आनते. आमच्या सासऱ्यानं खांदलेली हीर हाय. गोड पानी."

दारात योजनेच्या नळाला पाणी होतं, त्यात जंतुनाशक घातलेलं होतं. त्याच्या वासाला भिऊन म्हातारी पाऊण मैल चालून विहिरीचं पाणी आणत होती आणि डोळ्यांत तेल घालून ते निम्मं होईपर्यंत आटवत होती. मी पातेल्यातलं पाणी एका बाटलीत भरून घेतलं, दुसऱ्या बाटलीत नळाचं घेतलं आणि विहिरीकडे निघालो. वाटेत गावचे कृषी सहायक भेटले. त्यांना गाडीत घेतलं. त्यांच्या पेटीत पाणी तपासायच्या कागदी पट्ट्या होत्या.

विहीर उताराच्या तळाशी होती. कठडा अर्धा ढासळलेला, पाणी वरपर्यंत आलेलं आणि त्यावर हिरवट साय. कृषी सहायकांनी पहिली पट्टी नळाच्या पाण्यात बुडवली. तिचा रंग जवळजवळ बदललाच नाही. दुसरी विहिरीच्या पाण्यात बुडवली, ती गुलाबी झाली. तिसरी म्हातारीच्या आटीव पाण्यात बुडवली. ती पिकलेल्या जांभळासारखी गडद होत गेली आणि कृषी सहायकांनी ती झटकन माझ्यापुढे धरली.

"नायट्रेट आहे, साहेब," ते म्हणाले. "खताचा अंश. तान्ह्या बाळाला हे पाजलं?"

मी डॉक्टरीणबाईंना तिथूनच फोन लावला. त्या म्हणाल्या, "साहेब, उकळल्याने जंतू मरतात. पाण्यात विरघळलेलं खत मरत नाही. आमटी आटली की खारट होते ना? तसंच हे. जितकं आटवलं तितकं कडक झालं. मोठ्या माणसाला ते फारसं जाणवत नाही. एवढ्याशा बाळाचं रक्त त्याने बदलून जातं."

म्हणजे नातीला रोज विष तीच माणसं देत होती जी तिला सगळ्यात जपत होती. आणि माझ्या सील केलेल्या सात वस्तूंमध्ये पाणी नव्हतं. चुलीवरचं पातेलं मी पंचनाम्याच्या वेळी पाहिलं होतं, त्याला वळसा घालून आत गेलो होतो.

आता विहिरीत हे आलं कुठून? माग काढणं हे आमचं काम, पण आजवर माग काढला तो माणसांचा. त्या दिवशी पाण्याचा काढला. विहिरीवरून वर चढत गेलो. विहिरीला लागून मोटरची खोपी, तिच्यात युरियाच्या गोण्या. पत्रा गळत होता. खालच्या दोन गोण्या विरघळून बसल्या होत्या आणि पांढरा ओघळ जमिनीवरून सरळ विहिरीच्या काठापर्यंत गेला होता. खोपीच्या वर भाताची खाचरं, एकाखाली एक. वरच्या खाचराचं पाणी बांधाच्या सांडीतून खालच्यात, तिथून त्याच्या खालच्यात, असं पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. सगळ्यात वर दुसऱ्या कोणाला भाड्याने दिलेलं गुलाबाचं हरितगृह. तिथे झाडांना खतपाणी नळीने मिळायचं आणि उरलेलं एका चरातून खाली सोडलेलं होतं.

तोवर बाळाचा बाप दवाखान्यातून येऊन पोचला होता. बाळाचा निळेपणा ओसरतोय, एवढं सांगून तो बांधावर बसला. मी विचारलं, "खत किती टाकता?"

"लावणी झाल्यावर टाकलं. पाऊस आला, सगळं वाहून गेलं. मंग परत टाकलं. शेजारचं भात काळंभोर दिसाया लागलं म्हनून आनि एकदा टाकलं."

"वाहून गेलं ते कुठे गेलं?"

त्याने हाताने खाली दाखवलं. "जातंय नदीला."

असं म्हणताना त्याची नजर हाताच्या मागोमाग उतरत विहिरीवर गेली आणि तिथेच थांबली. आरोपीला पुरावा दाखवल्यावर त्याचा चेहरा कसा होतो, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. पण बापाचा चेहरा तसा होताना पाहायची माझ्यात ताकद नव्हती. मी हवालदाराला उगाच काहीतरी मोजायला सांगितलं आणि तोंड फिरवलं.

कृषी सहायक तोवर खाचरातली माती चाचपत होते. बांधाजवळचं एक ढेकूळ त्यांनी फोडायला घेतलं, ते बोटांनी फुटेना. बुटाच्या टाचेने फोडलं. आत एकही गांडूळ नव्हतं, मुळांभोवती पांढरट कवच धरलेलं. ते म्हणाले, "एवढं खाऊ घालून जमीन उपाशी आहे, साहेब. नुसता युरिया, शेणखताचा पत्ता नाही. तिच्या तोंडात काही राहतच नाही, खाली निघून जातं." खालच्या ओढ्यावर बसलेला एक म्हातारा सांगत होता की पूर्वी याच खाचरांतून टोपलीभर खेकडे निघायचे, चढणीचे मासे बांधापर्यंत यायचे. आता ओढ्यात शेवाळ आणि पुढे नदीत जलपर्णी. इंद्रायणीवरची ती जलपर्णी मी कितीतरी वर्षं पुलावरून पाहत होतो. पाण्याला जास्त पोसलं की असं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढचं सगळं कागदोपत्री झालं. पाण्याचे रीतसर नमुने गेले, अहवाल आला, त्यात नायट्रेट मर्यादेच्या कितीतरी वर होतं. विहिरीवर लाल रंगाने सूचना लिहिली. गोण्या हलवल्या, हरितगृहवाल्याने चर बुजवून खड्डा केला. डॉक्टरीणबाईंनी गावात येऊन ज्या ज्या घरी तान्हं बाळ होतं त्यांना समोर बसवून समजावलं. आणखी दोन घरांत आटीव पाणी चाललं होतं. आमचं बाळ वाचलं. मी गुन्ह्यात सी समरी मागितली. खरं म्हणावं तर गुन्हा नाही, खोटं म्हणावं तर फिर्याद खोटी नाही, गैरसमजातून दाखल झालेलं प्रकरण, असा त्याचा अर्थ. न्यायालयाने ती मंजूर केली.

समरीची नोटीस फिर्यादीला, म्हणजे बाळाच्या बापाला, बजावायला शिपाई गेला असता तरी चाललं असतं. मी स्वतः गेलो. थोरलीला घरच्यांनी वराळ्याहून सन्मानाने परत आणल्याचं कानावर आलं होतं. गेलो तेव्हा ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. बाळ म्हातारीच्या मांडीवर, गुटगुटीत झालेलं. मला पाहून म्हातारीने, कदाचित मला दाखवायलाच, बाळ उचललं आणि थोरलीच्या मांडीवर ठेवायला पुढे केलं.

थोरलीने दोन्ही हात पदराखाली घेतले. "ऱ्हाऊ द्या आत्या. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

"अगं घे की. किती दिस झालं."

"न्हाई. लांबनंच बगते मी." म्हातारी बाळाला घेऊन आत गेली. हे रोजचंच असावं, असं दिसलं.

मी टोपी काढली. म्हणालो, "बाई, माझं चुकलं. मी तुम्हाला तसं बोलायला नको होतं."

तिने सुपातला खडा वेचून बाजूला टाकला. आवाजात राग नव्हता.

"तुमी तुमचं काम केलं, सायेब. आत्यांनी पानी नीट उकळलं. भाऊजींनी खत येळच्या येळी घातलं. मीबी दूध मोजून कालवलं. कुनीच कामात कसूर केली न्हाई."

मी टोपी घालून बाहेर पडलो. आज निवृत्तीनंतरही तपास शिकवताना नव्या पोरांना मी एवढंच सांगतो की वाईट माणूस शोधण्याआधी घरात रोज कोण काय करतं ते विचारा, आणि पाणी कुठून येतं, कुठे जातं तेही विचारा. पण त्या बाईसाठी माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. तिच्यावर दोषारोप कधी दाखलच झाला नाही, कागदावर तिचं नाव कुठेच आरोपी म्हणून नाही. त्यामुळे तिला निर्दोष सोडण्याचा हुकूमही कुठल्या न्यायालयाला देता आला नाही. आरोप फक्त मी केला होता, बंद खोलीत, तोंडी. तो मागे घेतला तरी तिने त्या मुलीला पुन्हा कधी उचलून घेतलं नाही.